मूळपुरुष कुठून आला? : शेतकरी घराण्यांचे इतिहास वाचताना

(मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एका प्रकारची पुस्तकं फार निघायला लागली आहेत. कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असतं, कुणाच्या घरी लग्न असतं, आणि पाहुण्यांच्या हातात नारळाबरोबर एक पुस्तक पडतं. मुखपृष्ठावर फेट्यातले आजोबा, आत वंशवृक्ष, शेवटी नातवंडांचे रंगीत फोटो. त्यात २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. अभिलेख कक्षात लोकांच्या रांगा लागल्या, मोडी वाचणाऱ्याला अचानक मान आला. जी वंशावळ पूर्वी फक्त श्राद्धाला आठवायची, ती आता तहसीलच्या कामाला लागते.

या पुस्तकांना परीक्षण म्हणून कुणी मिळत नाही. लिहिणारा नातेवाईक, छापणारा नातेवाईक, वाचणाराही नातेवाईक. मग चांगलं-वाईट सांगणार कोण? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आज त्या सवयीनं या वाङ्मयप्रकाराची समीक्षा करतो. शेतकरी घराण्याचा, विशेषतः एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे वसलेल्या शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास आपण कसा लिहितो, त्यात काय बरोबर असतं आणि काय निसटतं, एवढाच विषय.

छापील मराठीत हा प्रकार ‘कुलवृत्तांत’ या नावानं रुजला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ घराण्यांनी जाडजाड कुलवृत्तांत काढले. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मग पिढ्यांचे तक्ते आणि प्रत्येक माणसाला चार ओळी : जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नीचं माहेर. माहिती जमवण्याची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. पण ते मूलतः नोंदवह्या आहेत. माणूस गाव सोडून गेला, एवढं त्यात असतं. रात्री निघाला का दिवसा, कर्ज ठेवून निघाला का फेडून, ते नसतं.

आपल्या या भागाला मात्र छापील कुलवृत्तांताच्या आधीपासून दुसरी एक परंपरा माहीत आहे. हेळवी. इथं बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांनी बैलावर बसून येणारा हेळवी पाहिला असेल. सुगी झाली की यायचा, अंगणात बसायचा, आणि तुमच्या घराण्याचं पाढ्यासारखं म्हणून दाखवायचा : मूळ गाव कुठलं, तिथून का उठला, वाटेत कुठं राहिला, या गावात कुणाच्या आधारानं टिकला. मग धान्य घ्यायचा, नव्या मुलांची नावं वहीत चढवायचा आणि जायचा. आता काहीजण मोटारसायकलवरून येतात, ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हेळव्याची कथा ‘कुठून आला’ या प्रश्नानं सुरू होते. आमचे आजचे छापील इतिहास मात्र मूळपुरुष जणू याच काळ्या मातीतून उगवला अशा थाटात सुरू होतात.

हेळव्याचीही मर्यादा आहे. यजमान देणार म्हणून तो स्तुती करणार. आणि त्याची वही पुरुषांच्या मागे मागे चालते. लेक सासरी गेली की वहीतून गेली.

आता या नव्या पुस्तकांचा साचा पाहा. पहिल्या प्रकरणात मूळपुरुष, अंगावरच्या कपड्यानिशी आलेला. दुसऱ्यात त्याचे कष्ट. तिसऱ्यात मुलानं विहीर पाडली, बागायत केली, गावात वजन आलं. चौथ्यात नातू इंजिनिअर, पणती अमेरिकेत. आणि निष्कर्ष : आजोबांच्या घामाचं हे फळ. वाचायला बरं वाटतं. पण तर्काच्या दृष्टीनं इथं मोठी गडबड आहे.

आपल्याच न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कल्पना आहे. एखादी गोष्ट कार्याच्या आधी हजर असते, पण तिला त्या कार्याचं कारण म्हणता येत नाही, ती अन्यथासिद्ध. नैयायिकांनी उदाहरण घेतलं घटाचं. माती, चाक, दांडा, कुंभार ही घटाची कारणं. ज्या गाढवावरून ती माती आली, ते गाढव कारण नव्हे, कारण माती दुसऱ्या गाढवावरूनही आली असती. आणि गंमत अशी की त्यांच्या यादीत गाढवाच्या जोडीला आणखी एक जण आहे : कुंभाराचा बाप. कुंभाराचा बाप कुंभाराला कारण, घटाला नाही. (हशा) हसू नका, फार खोल आहे ते. आपले घराण्याचे इतिहास म्हणजे कुंभाराच्या बापाला घटाचं श्रेय देण्याचा उद्योग असतो. आजोबांच्या कष्टाला कमी लेखायचं नाही. पण शेजारच्या घरातले आजोबाही तेवढेच राबले होते. त्यांचा नातू आज ऊसतोडीला का जातो, याचं उत्तर ‘घाम’ या एका शब्दात मिळत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. माळशिरस तालुक्यातलं माळीनगर. दि सासवड माळी शुगर फॅक्टरी हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. सासवड पुणे जिल्ह्यात, कऱ्हेकाठी. मग सासवडचे माळी इथं कसे? त्या समाजाकडे जमिनीचे तुकडे लहान, पण विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला आणि ऊस काढायचं कसब पिढ्यांचं. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरकडे पाणी आलं. स्थानिक शेतकरी ज्वारी-बाजरीचा. उसाला लागणारं खत आणि रोकड त्याच्यापाशी नव्हती, आणि पाणीपट्टीची धास्ती. सासवडकरांनी त्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गूळ केला. पुढं गोदावरी-प्रवरेचे कालवे निघाले, तेव्हा हेच लोक कोपरगाव आणि आजच्या श्रीरामपूरकडे गेले. श्रीरामपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके याच प्रवासातले. आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामागं ते माळशिरसला आले. १९२९ नंतर जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले. १९३२ साली सरकारनं बाहेरच्या साखरेवर जकात लावून देशी साखरेला संरक्षण दिलं, आणि त्याच साली या शेतकऱ्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. सहकारी साखर कारखानदारीचं नाव निघालं की आपण प्रवरानगर म्हणतो, ते योग्यच. पण त्याच्या बऱ्याच आधी शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून काढलेला हा कारखाना आहे.

ही खरोखर अभिमानाची कथा आहे. पण एखाद्या घराण्याच्या स्मरणिकेत ती कशी येईल? ‘आमचे पणजोबा दूरदृष्टीचे होते.’ असतील. पण कालवा इंग्रज सरकारनं दुष्काळ आणि महसुलाचा विचार करून काढला, गुळाचे भाव जगाच्या मंदीनं पाडले, साखरेचे भाव जकातीनं सावरले. पणजोबांचं कर्तृत्व या सगळ्याच्या मधोमध आहे. हे सगळं मांडलं तर पणजोबा मोठे दिसतात. कारण कालवा सगळ्यांना दिसत होता, गाडीत बैल आणि भांडी घालून अनोळखी गावी खंडानं जमीन घेण्याचं धाडस मात्र थोड्यांनी केलं. परिस्थिती सांगितली म्हणजे माणूस लहान होतो हा गैरसमज आहे. परिस्थितीशिवाय धाडसाचं माप घेता येत नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे. जमीन आधी कुणाची होती? आपल्या पुस्तकांत एक ठरावीक वाक्य असतं : ‘त्या काळी इथं नुसतं माळरान होतं.’ माळरान होतं, मान्य. पण माळरानावर कुणाची मेंढरं चरत होती? कुणाचा सातबारा होता? साखर कारखान्यांना खंडानं जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचं पुढं काय झालं, ते महाराष्ट्राला माहीत आहे. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, खाजगी कारखान्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून अनेक दशकं मोर्चे काढत राहिले. त्यांच्या घराण्याचा इतिहासही याच मातीतला आहे. एकाच बांधाच्या दोन बाजूंचे दोन इतिहास. आपण छापतो ते बहुधा एकाच बाजूचं.

डोनाल्ड अॅटवूड नावाच्या अभ्यासकानं नीरा खोऱ्यात राहून फार उपयोगी काम केलं. ‘रेझिंग केन’ हे त्याचं पुस्तक १९९२ चं. त्याआधी, १९७९ साली, त्यानं एक लेख लिहिला होता : काही गरीब श्रीमंत का होतात? पन्नास वर्षांच्या जमिनीच्या नोंदी लावून त्यानं पाहिलं, तर मोठ्या जमिनीवाल्यांपैकी कितीतरी घरं खाली आली होती आणि भूमिहीनांतली काही वर चढली होती. हे त्याला कसं दिसलं? तो फक्त वर चढलेल्यांकडे गेला नाही. जी घरं मोडली, जी गाव सोडून गेली, त्यांचाही त्यानं हिशेब धरला. घराण्याचा इतिहास लिहिणारा नेमका हाच हिशेब सोडतो. ज्या चुलत्याची शाखा बुडाली, तिथं वंशवृक्षात ‘निर्वंश’ किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं जातं. माहिती असते हो. सांगायची नसते.

आता जरा लांब जाऊ. स्वीडन. तिथून १९ व्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १२-१३ लाख माणसं अमेरिकेला गेली, त्यात शेतकरी फार. विल्हेल्म मोबेरी हा लेखक तिथल्या स्मोलांड या दगडाळ, गरीब प्रांतात १८९८ साली जन्मला. त्याचे कितीतरी नातेवाईक अमेरिकेला गेलेले. त्यानं १९४९ ते १९५९ या काळात चार कादंबऱ्या लिहिल्या. कार्ल ऑस्कर हा तरुण शेतकरी आणि त्याची बायको क्रिस्तिना मिनेसोटात जाऊन वसतात, त्याची ही कथा. ती रक्तमांसाच्या एका घराण्याची नोंद नाही, कादंबरी आहे. पण तिच्या मागं कागद आहेत. अँड्र्यू पीटरसन नावाचा एक खरा स्वीडिश शेतकरी १८५० साली अमेरिकेत आला, मिनेसोटात त्यानं शेत केलं, सफरचंदाची बाग वाढवली, आणि १८९८ साली मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. दोन-दोन ओळी : आज पाऊस, आज कुंपण घातलं, आज अमका मदतीला आला. मोबेरीनं ती रोजनिशी मिनेसोटात बसून वाचली.

यात आपल्याला शिकण्यासारखं काय? पहिली गोष्ट, मोबेरी निघण्यापासून सुरू करतो. कार्ल ऑस्कर का निघाला? शेतात दगड, डोक्यावर कर्ज, दुष्काळ, आणि भुकेनं गांजलेली लहान मुलगी कच्चं सातूचं खाऊन पोट फुगून मेली. तेव्हा क्रिस्तिना जायला तयार झाली. दूरदृष्टी वगैरे शब्द तिथं नाहीत. तिथं एक मेलेली मुलगी आहे. आपल्याकडे १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर भाग किती होरपळला, ते सर्वांना ठाऊक आहे. इथल्या किती घराण्यांच्या पुस्तकांत तो दुष्काळ आहे?

दुसरी गोष्ट, जमिनीची. मिनेसोटातली ती ‘मोकळी’ जमीन आदिवासींची होती. १८६२ साली तिथल्या डकोटा लोकांना करारातले पैसे वेळेवर मिळाले नाहीत, उपासमार झाली, युद्ध पेटलं. त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला ३८ डकोटा पुरुषांना मँकाटो इथं एकाच वेळी फाशी दिलं गेलं. चौथ्या कादंबरीत हे येतं. ज्या नायकावर लेखकाचं प्रेम आहे, त्याच्या शेताखाली दुसऱ्याची भूक पुरलेली आहे, हे लेखक झाकत नाही. त्यामुळे वाचकाचं नायकावरचं प्रेम कमी होत नाही, कथेवरचा विश्वास वाढतो.

तिसरी गोष्ट क्रिस्तिना. कार्ल ऑस्कर नवी शेती बघतो, क्रिस्तिना मागचं गाव विसरत नाही. माहेरच्या सफरचंदाच्या बिया येतात, झाड वाढतं, आणि तिच्या मरणाच्या वेळी त्याचं पहिलं पिकलेलं फळ तिच्या हातात येतं. पुन्हा गरोदर राहणं जिवावर बेतेल, हे माहीत असून ती गेलेली असते. वसाहत उभी राहण्याची किंमत कुणाच्या शरीरानं मोजली, ते इतक्या साधेपणानं फार थोड्यांनी लिहिलं आहे.

आता आपल्या वंशवृक्षाकडे या. लेकीचं नाव असलं तर पुढं कंसात सासरचं गाव, आणि रेघ संपली. सून येते ती ‘अमक्यांची कन्या’ म्हणून. ज्या बाईनं दुष्काळात दागिना मोडून बियाणं आणलं, तिचं स्वतःचं नावसुद्धा ठाऊक नसतं, कारण लग्नात बदललेलं. आणि हा फक्त वाङ्मयाचा दोष नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. तरी हक्कसोड पत्रावर सह्या होतातच. ज्या घराण्याच्या इतिहासात लेकीची रेघ तुटलेली असते, त्या घराच्या सातबाऱ्यावरही ती बहुतेक तुटलेलीच असते. पुस्तक आणि उतारा एकमेकांची साक्ष देतात.

चौथी गोष्ट मला मंद्रूपसारख्या गावात मुद्दाम सांगायची आहे. मोबेरीच्या शेवटच्या कादंबरीचं नावच ‘स्वीडनला शेवटचं पत्र’ असं आहे. कार्ल ऑस्कर मरतो. ते कळवायला मुलांना स्वीडिश नीट लिहिता येत नाही. शेजारी पत्र लिहितो, तेही इंग्रजीच्या सरमिसळीचं. म्हणजे घराणं जगलं, भाषा गेली. इथं विजयपूर रस्त्यावर, सीना-भीमेच्या मधल्या पट्ट्यात, किती घरांत आजी कन्नडमध्ये रागावते आणि नातू मराठीत उत्तर देतो! देवघरातलं गाणं कन्नड, शाळेचं पुस्तक मराठी. भीमेच्या पलीकडून अलीकडे आणि अलीकडून पलीकडे माणसं येत-जात राहिली. सोलापुरात तर तेलुगू विणकरांनी अख्खी पेठ वसवली. पण घराण्याचा इतिहास छापायची वेळ आली की सगळं शुद्ध मराठीत आणि मूळ गाव जमेल तितकं प्रतिष्ठित. आजीची कन्नड म्हण पुस्तकात येत नाही. माझ्या मते ते या पुस्तकांचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. नावं कागदावर मिळतील, म्हण आजीबरोबर जाईल.

मराठीत चांगले नमुने नाहीत असं नाही. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली आलं. ओझरचा एक माणूस मुंबईला जातो आणि एका घराची पिढीच बदलते. त्या पुस्तकाचं बळ असं की बाप स्वतःच्या बोलीत बोलतो, आईही बोलते. एकाच घराला अनेक आवाज आहेत. शेवटाकडे यशाचा पाढा थोडा वाढतो, असं मला वाटतं, पण आरंभीची मुंबई विसरता येत नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’त, २०१० साली, उलट वाट आहे. खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. तो शेतकरी घराकडे उत्खननासारखा पाहतो, थरावर थर. तिथं अडगळ ही लाज वाटण्याची गोष्ट राहत नाही. वाचकाचा दम सुटावा इतका पसारा आहे, ही तक्रार रास्त आहे. पण गाव सोडणाऱ्याला गाव किती चिकटलेलं असतं, ते त्यात पुरेपूर आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, सगळं खरं लिहायला गेलं तर भावकीत भांडणं लागतील. मग लिहायचं कसं?)

चांगला प्रश्न आहे. भांडणं लागतील, यात शंका नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. जिवंत माणसाचं खाजगी दुःख चव्हाट्यावर आणणं, हे कुणालाही शोभत नाही. ते लिहू नका. पण पणजोबांनी सावकाराचं कर्ज बुडवून गाव सोडलं, हे लिहिल्यानं आज कुणाचं काय जातं? अब्रू? त्या कर्जात त्यांची चूक किती आणि पावसाची किती, हे लिहा म्हणजे अब्रू वाढेल. वाटणीचा वाद असेल तर दोन्ही शाखांचं म्हणणं शेजारी-शेजारी छापा. न्यायदर्शनात पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडावा लागतो, मगच उत्तरपक्षाला किंमत. भावकीलाही तोच नियम लावा. आणि ज्या शाखेची घडी मोडली तिला एक पान द्या. बघा, पुस्तक घ्यायला पहिल्यांदा तेच येतील.

ज्यांच्या घरी असं पुस्तक चाललं आहे त्यांना जाता-जाता एवढंच सांगतो. सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे कशी गेली, हे फेरफार सांगतो. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावं असू शकतात, विचारा. हेळवी आला तर त्याचं म्हणणं फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या, कारण त्याची मुलं हा धंदा करतीलच असं नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि तिला तिच्या भाषेत बोलू द्या. सासरी गेलेल्या लेकींना पत्र पाठवा. त्यांच्या आठवणीत हे घर वेगळं असतं. आणि ‘माळरान होतं’ हे वाक्य लिहिण्याआधी शेजारच्या वस्तीवर जाऊन एकदा विचारा, तिथं कोण होतं.

मूळपुरुष कुठून तरी आलेलाच असतो. या गावातलं कुठलंही घर घ्या, कधीतरी ते उपरं होतं, आणि कुणीतरी त्याला पहिल्या रात्री भाकरी आणि पाणी दिलं होतं. पुस्तकात त्या भाकरी देणाऱ्याचं नाव आलं, तर इतिहास पुरा झाला असं मी समजेन.